दोरीची लांबी

फोन १०९८ वर आला होता.
नाव नाही. पुरुषाचा आवाज, मागे ट्रॅक्टर.
नागज फाट्याच्या पुढं, बेदाण्याच्या शेडवर
पोरगं बांधून घातलंय, म्हणाला,
जनावर बांधावं तसं.

सांगली सोडली तेव्हा स्कार्फला हळदीचा वास होता,
पोचेस्तोवर गंधकाचा झाला.
सोबत पोलीस पाटील. पिशवीत नमुना बावीस, तीन प्रती.

हिरव्या जाळीखाली दहा-बारा बाया,
मांडीवर ताट, बोटं चाललेली:
काळा वेगळा, पिवळा वेगळा, काडी वेगळी.
त्यांच्यात एक लहान. वय दहा. किंवा बारा.
लगमव्वा.
निम्मं मराठी, निम्मं कन्नड,
आणि मला बघून दोन्ही बंद.

पोरगं खांबाला होतं. बिराप्पा, चार वर्षांचा.
कमरेला जुन्या लुगड्याची दोरी, वेणीसारखी तीन पदरी.
मी फोटो काढला. पुरावा म्हणून काढायचाच असतो.
मग गाठ सोडायला वाकले
तर गाठीखाली दोन बोटं सहज गेली.
आत मऊ फडकं. शर्ट वर करून पाहिला:
कुठं वळ नाही, कुठं लाल नाही.

मग नमुन्यात नसलेलं एक काम केलं.
दोरीचं टोक धरून चालत गेले.
मडक्यापर्यंत पोचली.
सावलीपर्यंत पोचली,
सकाळच्या, आणि दुपारी ती सरकते तिथंही.
बाभळीजवळच्या त्याच्या खड्ड्यापर्यंत पोचली.
मग उतार लागला आणि दोरी संपली,
चार पावलं अलीकडं,
जिथून शेततळ्याचा काळा कागद सुरू होतो
आणि मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही.

‘तीनदा बदलली,’ मागून आवाज आला.
‘लांब हुती. मग आखूड केली तर रडतंय.
आता बराबर हाय.’

आई? ‘इल्ल.’
वडील? तिनं हनुवटीनं रस्ता दाखवला,
जो दोन्हीकडं जातो.
शेडमालक म्हणाला, आम्ही कुठं ठेवलीय कामाला,
ती आपली येऊन बसते.
किलोला किती देता, विचारलं
तेव्हा त्याला फोन आला.

दुर्लक्ष, छळ, पिळवणूक: योग्य तिथं खूण करा.
पेन हातात घेऊन मी बराच वेळ
पोलीस पाटलांचा चहा थंड होताना पाहिला.

समितीनं विचारलं, बांधलं होतं?
हो.
कुणी?
बहिणीनं.
मी पिशवीतून दोरी काढून टेबलावर ठेवली.
तळ्याचं अंतर शेवटच्या पानावर आहे, म्हटलं,
‘इतर’मध्ये.

आदेश योग्यच झाला. मीच मागितला होता.
तो सहाच्या आतला म्हणून मिरजेला, शिशुगृहात.
ती सहाच्या वरची म्हणून मुलींच्या बालगृहात.
शाळा, दोन वेळचं जेवण, डोक्याला तेल.
जीपमध्ये ती एकदाच बोलली:
‘तिथं तळं हाय?’
नाही, म्हणाले.
मला माहीत नव्हतं.

रविवारी स्कूटर काढली. पेट्रोल माझं.
माझी ऑर्डर मार्चअखेर संपते, तिच्यात रविवार नाहीत.
शिशुगृहाच्या मागं जमिनीत पाण्याची टाकी,
वर पत्रा, लहान हातानंही सरकेल असा.
सांगितलंय मिस्त्रीला, अधीक्षिका म्हणाल्या.
मी आणि स्वयंपाकाच्या मावशींनी
जुन्या जात्याची तळी ओढत आणून वर ठेवली.
माझं नख तुटलं.

बिराप्पा अंगणात पळत होता, बाकीच्यांच्या मागं.
पळत यायचा, आणि एका जागी थांबायचा,
पोरं पुढं निघून जायची.
कमरेला काही नव्हतं.

खांबापासून किती पावलं,
ते मी मोजलं नाही.